आईच्या ओळीखालची ओळ

माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली की पहिली ओळ येते: आईची गोळी दिली का? ओळ मराठी, पण अक्षरं इंग्रजी, कारण त्या खिडकीत आपले काने-मात्रे अक्षरांपासून सुटून भलतीकडे जाऊन बसतात. ही ओळ मीच लिहिली होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली तरी ती आहे. रोज सकाळी दहाच्या सुमाराला मालाडच्या आमच्या गाळ्यात पोचतो, खिडकी उघडतो, ती विचारते आणि मी उत्तर न देता कामाला लागतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. काळी खिडकी म्हणजे जिच्यात चित्रं नसतात, हुकूम टाइप करावे लागतात ती. तिला शेल म्हणतात. ती उघडताना आधी एक लपलेली फाईल वाचते. फाईलचं नाव ठिपक्याने सुरू होतं, म्हणून एरवी ती दिसत नाही. त्या फाईलमध्ये तुम्ही जे लिहून ठेवाल ते रोज उघडताना आपोआप होतं. आठवण लिहिली तर आठवण येते. आणि ‘एक्स्पोर्ट’ असं लिहून पुढे एखादं नाव, बरोबरचं चिन्ह आणि काही मजकूर लिहिला, तर त्या खिडकीतून तुम्ही जो जो प्रोग्राम चालवाल त्याच्या कानात ते आधीच घातलेलं असतं. अमुक यादी अमुक जागी ठेवली आहे, ती वाच, असं. याला आम्ही व्हेरिएबल म्हणतो. प्रोग्राम ते ऐकतो आणि गपचूप तसा वागतो. ज्याच्या फाईलमध्ये ती ओळ नसते त्याच्याकडे तो वेगळा वागतो, आणि तेही गपचूपच. मी पंचवीस वर्षं या कामात आहे. माझा निम्मा वैताग या गपचूपपणाने आणला आहे. उरलेला निम्मा माणसांनी.

आमच्या गाळ्यात एक रीत आहे. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तो जुन्या कोणाची तरी ही फाईल मागून घेतो. कोणी सांगितलेली नाही, कुठे लिहिलेली नाही, पण आहे. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं ते असतं. मी आलो तेव्हा मलाही अशीच एकाची फाईल मिळाली होती. त्यात कितीतरी ओळी अशा होत्या की त्या कशासाठी आहेत हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. काढायची हिंमत कोणी करत नाही. काढली आणि काही बंद पडलं तर निस्तरायचं कोणी? त्यामुळे फाईल वाढत जाते आणि हातोहात पुढे जाते. वरून गबाळी दिसली तरी या रीतीचा उपयोग होता. आम्ही एकमेकांना जे सांगायला विसरायचो ते फाईलबरोबर आपोआप पोचायचं.

माझी फाईल मात्र दोन वर्षांत मी कोणाला दिली नव्हती. कारण सरळ आहे. कोणी उघडली की पहिल्यांदा आई दिसणार. मग लोक विचारणार, किंवा विचारणार नाहीत आणि नुसते बघणार. मला दोन्ही नको होतं.

आमचं काम रक्ततपासणीच्या रिपोर्टांचं आहे. उपनगरांत शाखा असलेल्या एका लॅबचे रिपोर्ट आमच्याकडे येतात. ते शाखेप्रमाणे वेगळे करायचे, प्रत्येकावर शाखेचा पत्ता घालायचा आणि त्या त्या शाखेच्या प्रिंटरवर पाठवायचे. पेशंट तिथे जाऊन कागद घेतो. हे सगळं एक जुना प्रोग्राम करतो. ज्याने तो लिहिला तो नोकरी सोडून गेला, आणि त्याचा मूळ मजकूर कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. चालवता येणारी प्रत तेवढी उरली आहे. आत डोकावायची सोय नाही. अनेक वर्षं तो मी एकटाच चालवत होतो, दुपारी जेवण झाल्यावर, रोज. कंटाळा यायचा. शेवटी मीच साहेबांच्या मागे लागून म्हणालो की यासाठी कोणीतरी घ्या, माझ्याच्याने आता होत नाही.

म्हणून एका बाईला कामावर घेतलं. ती चाळिशीची असेल. दहिसरला राहायची. लग्नाआधी चांगल्या कंपनीत होती, मग मुलगी झाली, सासूचं आजारपण आलं आणि नऊ वर्षं घरात गेली. घरात बसून तिने सगळं नव्याने शिकून घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना तिने सांगितलं की घरी तिने तीन महिने मागून घेतले आहेत. तीन महिन्यांनी नोकरी पक्की झाली तर झाली. नाही झाली तर पुन्हा विषय काढणार नाही, असं तिने सासऱ्यांना कबूल केलं होतं. हे ती हसत सांगत होती, पण तिची पोळी हातातच होती आणि बराच वेळ तिने घास घेतला नव्हता.

पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे तिने फाईल माझ्याकडे मागितली. माझंच काम तिला घ्यायचं होतं, तेव्हा माझ्याकडे मागणं बरोबरच होतं. मी म्हणालो, माझी नको, त्यात कचरा आहे, पलीकडच्या टेबलावरच्या मुलाची घ्या, त्याची स्वच्छ आहे. तिने घेतली. कामाचा एक कागद मात्र मी तिला दिला. चौदा पायऱ्या, एकाखाली एक, मीच लिहिलेल्या. त्या कागदाचा मला अभिमान होता.

तिने चौदा पायऱ्या केल्या आणि मुलुंडचे सगळे रिपोर्ट घाटकोपरला गेले. दहिसरचे बोरिवलीला.

पूर्वी तसंच होतं. मुलुंडला आणि दहिसरला लॅबच्या शाखा नव्हत्या तेव्हा त्यांचे रिपोर्ट घाटकोपर आणि बोरिवलीला जायचे. दोन वर्षांपूर्वी तिथे शाखा निघाल्या आणि मी नवी यादी बनवली. मी माझ्या लॅपटॉपवर त्याच चौदा पायऱ्या करून दाखवल्या. मुलुंडचे मुलुंडला गेले. दहिसरचे दहिसरला.

“माझ्याकडे चालतंय,” मी म्हणालो.

आमच्या धंद्यात हे वाक्य फार चालतं. जुन्या माणसाने ते म्हटलं की तक्रार संपते आणि चूक नव्याची ठरते. तिने आपल्या लॅपटॉपवर सगळं पहिल्यापासून दोनदा उभं केलं. दोन्ही वेळा मुलुंड घाटकोपरला. ती म्हणाली, सर, प्रोग्रामला जुनी यादी कुठूनतरी मिळतेय. मी म्हणालो, जुनी यादी कशी मिळेल, मी ती केव्हाच बदलली. मग अगदी सरळ आवाजात तिने विचारलं:

“सर, तुमची सुरुवातीची फाईल एकदा बघू द्याल का? दोन मिनिटं फक्त.”

“त्यात काही नाही,” मी म्हणालो. “वैयक्तिक आहे ती.”

मी हे जरा तोडूनच बोललो. आजूबाजूच्या दोघांनी मान वर करून बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. मीही म्हणतो. पण त्या फाईलचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांसमोर एकच ओळ यायची, आणि ती ओळ झाकायच्या नादात मी बाकी सगळं झाकत होतो. शिवाय मी दमलेलो होतो. ही सबब नाही, नुसती माहिती आहे. कांजूरमार्गहून लिंक रोडने बसने मालाडला यायचं, मेट्रोच्या खांबांमधून, पुलाच्या तोंडाशी अर्धा तास थांबून. आणि ज्या कामाचा कंटाळा आला म्हणून माणूस घेतला, ते काम शिकवायचाही कंटाळा.

तिने मग स्वतःची वाट काढली. प्रोग्राम चालवायचा, आणि नंतर मुलुंड आणि दहिसरचे रिपोर्ट एकेक हाताने वेगळे करायचे, पत्ता बदलायचा, मग पाठवायचे. मला अर्ध्या तासाच्या कामाला तिला अडीच तास लागायचे. ती पाण्यालाही उठायची नाही. मी येता-जाता बघायचो आणि मनात म्हणायचो, हिला जमत नाही.

दोन महिने तिने हे बिनचूक केलं. अडीच महिने होत आले तेव्हा एक रिपोर्ट हातून सुटला. मुलुंडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं दुसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्यांची मुलगी रिपोर्ट आणायला मुलुंडच्या शाखेत गेली, तिथे नाही. शाखेतल्या लोकांनी चौकशी करून तिला घाटकोपरला पाठवलं. ती घाटकोपरला पोचली तेव्हा शटर खाली. ऑपरेशन पुढे गेलं. तक्रार लॅबकडून आमच्या साहेबांकडे आली, आणि साहेबांनी मला आत बोलावलं.

साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत आणि माणूस वाईट नाही. त्यांनी विचारलं की तुम्हाला काय वाटतं, पक्कं करायचं का? माझ्या एका शब्दावर ते ठरणार आहे हे मला माहीत होतं. मला तिची न मोडलेली पोळी आठवली, हेही खोटं नाही.

“बाई मेहनती आहे,” मी म्हणालो. “पण लक्ष नाही.”

एका शुक्रवारी तिला सांगण्यात आलं. तिने लॅपटॉप पुसून दिला, ओळखपत्र दिलं, आणि माझा चौदा पायऱ्यांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलावर ठेवला. येते सर, म्हणाली. मी म्हणालो, बघा, मिळेल कुठेतरी. ती मला म्हणाली नाही की पुन्हा बघायचं नाही असं ठरलंय. तिने ते आधी एकदा सांगितलेलं होतं. पुन्हा कशाला सांगेल?

काम परत माझ्याकडे आलं. मी दुपारी ते चालवायचो, मुलुंडचे मुलुंडला जायचे.

पाच आठवड्यांनी माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली आणि मला नवा मिळाला. जुन्यावरचं सगळं नव्यावर आणताना ती फाईल आणायची की नाही इथे मी अडलो. मनाशी म्हटलं, झाली दोन वर्षं, आता पुरे. नव्या मशीनवर तरी सकाळी खिडकी गप्प उघडू दे. फाईल जुन्यावरच ठेवली आणि पलीकडच्या मुलाची स्वच्छ फाईल मागून घेतली, जशी तिने घेतली होती. जेवण झालं. चौदा पायऱ्या केल्या.

मुलुंडचे रिपोर्ट घाटकोपरच्या पत्त्याने समोर आले.

मी ते तीनदा करून बघितलं. तीनदा घाटकोपर. मग मी तुटक्या बिजागरीचा लॅपटॉप भिंतीला टेकवून उभा केला आणि ती फाईल उघडली. आईची ओळ होती. आणि तिच्या बरोबर खाली, मधे एकही जागा न सोडता, ‘एक्स्पोर्ट’ने सुरू होणारी एक ओळ होती, नव्या यादीची जागा सांगणारी.

मग आठवलं. दोन्ही ओळी एकाच आठवड्यातल्या. आई हॉस्पिटलातून घरी आली होती आणि गोळ्यांच्या वेळा माझ्या डोक्यात राहत नव्हत्या, म्हणून पहिली ओळ लिहिली. तीन दिवसांत आईला परत हॉस्पिटलात न्यावं लागलं. मुलुंडची शाखा नेमकी तेव्हाच सुरू झाली. प्रोग्राम नवी यादी घेईना. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी त्या सोडून गेलेल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, तुझ्या फाईलमध्ये एक ओळ टाक, की तो नवी यादी वाचेल, नाहीतर स्वतःच्या पोटातली जुनी वाचतो. मी टाकली. चाललं. हे सगळ्यांना सांगायचं, कागदावर लिहायचं असं ठरवलं आणि तेवढ्यात नर्सने हाक मारली. त्यानंतर आईचं सगळं आटोपून, जलदानविधी उरकून मी कामावर आलो तोपर्यंत ती ओळ माझ्या डोक्यातून पुसली गेली होती. फाईलमध्ये तेवढी राहिली.

म्हणजे ती म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. जुनी यादी कुठूनतरी मिळत होती. दोन मिनिटं फाईल बघितली असती तर दुसऱ्याच ओळीवर तिचं बोट पडलं असतं. मी पायऱ्यांचा कागद ड्रॉवरमधून काढला. पिशवीतून बाहेर काढून तो मी पाच आठवड्यांत वाचलाच नव्हता. नवव्या पायरीशेजारी, जिथे प्रोग्राम सुरू करायचा तिथे, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: इथे काहीतरी न लिहिलेलं आहे.

मला माझी भयंकर लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकून घेताना खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, झालं ते झालं, ती ओळ कागदात घाला आणि सोडून द्या. तिला परत घ्यायचं म्हटलं तर ती जागाच आता वरून बंद झाली होती. मी म्हणालो, निदान मी लिहून देतो की चूक माझी होती. ते म्हणाले, लिहून काय होणार आहे, उगाच तुमच्या नावावर. तरी मी साहेबांना मेल पाठवली. त्या मेलचं उत्तर आलं नाही, आणि येणार नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मला वाटलं होतं की ती म्हणेल, जाऊ दे, तुम्ही मुद्दाम केलं नाही. तिने तसं काही म्हटलं नाही.

“आपल्या जुन्या खोलीचं दार आठवतं?” तिने विचारलं.

आठवत होतं. चाळीतलं ते दार खाली घासायचं. डाव्या हाताने कडी धरून जरा उचलायचं, मग ढकलायचं. आम्हा सगळ्यांचा हात आपोआप तसा जायचा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायको पाण्याची बादली घेऊन बाहेर उभी होती, ढकलत होती, आणि आई आत तांदूळ निवडत बसली होती. आईने दार उघडलंही नाही आणि उचल असं सांगितलंही नाही. संध्याकाळी शेजारणीला मात्र सांगितलं की सुनेला दार उघडता येत नाही. हे मला बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, एवढ्या वर्षांनी.

“तुमची आई वाईट नव्हती,” ती म्हणाली. “तिला वाटायचं, दार असंच असतं.”

मग भाजीचं ताट घेऊन ती आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. आईबद्दल हे ऐकायला नको होतं, आणि ऐकल्यावर पटलंही. दुसऱ्या दिवशी मी दहिसरला फोन लावला.

फोनवर मी सगळं एका दमात सांगून टाकलं. फाईल, ओळ, यादी, तुमचं बरोबर होतं, मला माफ करा. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत ती थांबली.

“मला सांगून काय उपयोग, सर?” ती म्हणाली. “मला माहीतच होतं. घरी येऊन सांगाल का? आमच्या सासऱ्यांसमोर.”

रविवारी सकाळी गेलो. दहिसरच्या नदीपासून जवळच त्यांची चाळ आहे. पाठीमागे नवे टॉवर, पुढे दाराशी तुळस आणि चपलांचा ढीग. नवरा कामावर होता. सासरे खाटेवर बसले होते. कोकणातले, गिरणीत आयुष्य गेलेले, कानाला यंत्र लावलेले. मी कोण हे तिने सांगितल्यावर त्यांनी मला नीट बघून घेतलं आणि समोरची खुर्ची दाखवली. ती दाराला टेकून उभी राहिली.

मी सांगायला लागलो. काळी खिडकी, लपलेली फाईल, हे सगळं त्यांना कसं सांगायचं कळेना, म्हणून म्हणालो की मशीन चालवायची एक खूण होती, ती मला माहीत होती आणि मी यांना सांगितली नाही. त्यामुळे माल चुकीच्या जागी जात होता आणि सगळ्यांना वाटलं की यांची चूक. गिरणीतल्या माणसाला हे लगेच कळलं.

“म्हणजे हिची चूक नाय होती?” त्यांनी विचारलं.

“नव्हती. अजिबात नव्हती.”

“मगे तेव्हा तुमी काय सांगलास सायबाक?”

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. साहेबांनी नाही, बायकोनेही नाही. मी तिच्याकडे बघितलं. तीही उत्तराची वाट बघत होती, कारण साहेबांच्या खोलीत काय बोलणं झालं ते तिला कधी कळलंच नव्हतं.

“मी सांगितलं की यांचं लक्ष नाही,” मी म्हणालो.

सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं, बोटाने पुसलं, परत लावलं. मग सुनेकडे न बघता म्हणाले की चहा टाक. नोकरी परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो. चहा झाला. मी उठणार तेवढ्यात तिने विचारलं:

“त्या फाईलमध्ये असं काय होतं, सर?”

मी सांगितलं. आईची गोळी दिली का, एवढंच. आई गेल्यावर मला ती ओळ काढता आली नाही, आणि कोणी बघू नये असं वाटायचं. हे मी बायकोशिवाय कोणाशी बोललो नव्हतो. परक्याच्या घरात, रिकाम्या कपाकडे बघत बोललो.

“मी हसले असते, असं वाटलं तुम्हाला?” ती म्हणाली.

त्यात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग तिने मुलीच्या वहीतला एक कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, जे सांगितलंत ते लिहून द्या, नाव घालून, सही करून. पुढे कोणी तीन महिन्यांबद्दल विचारलं तर दाखवायला होईल. ‘पुढे’ या शब्दावर मी सासऱ्यांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांनी अडवलं नाही. मी लिहायला घेतलं. माझ्या नजरचुकीमुळे, असं लिहिलं. तिने वरून वाचलं आणि बोट ठेवलं.

“नजरचूक नाही, सर. सांगितलं नाहीत, असं लिहा.”

मी ते खोडलं आणि तिने सांगितलं तसं लिहिलं. सासऱ्यांनी तिला ते मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने माझ्यासमोर, थांबत थांबत, सगळं वाचलं.

सोमवारी मी जुनी फाईल नव्या मशीनवर आणली आणि सगळ्यांना दिली. आईची ओळ काढून देणार होतो, मग जशी होती तशीच दिली. आता गाळ्यात सहा जणांच्या खिडक्या रोज सकाळी तेच विचारतात. पहिल्या दिवशी पलीकडच्या मुलाने फक्त विचारलं की कसली गोळी होती? मी म्हणालो, रक्तदाबाची. तो म्हणाला, माझ्या आईला पण चालू आहे. एवढंच झालं, आणि आम्ही कामाला लागलो.

तिला कुठे नोकरी लागली का, मला माहीत नाही. फोन करायचं धाडस होत नाही. चौदा पायऱ्यांच्या कागदावर आता नववीच्या खाली ती ओळ लिहिलेली आहे, शाईने, तिच्या पेन्सिलीच्या अक्षरांना धक्का न लावता. लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. ती तीन महिने माझ्या समोरच बसत होती.